कोटांच्या कपाटातलं यंत्र

१

कॉम्प्युटर पुन्हा मेला होता, आणि या वेळी बाईंना तो नुसता दुरुस्त करून नको होता. त्यांना गुन्हेगार हवा होता.

"हे कुणीतरी मुद्दाम करतंय, काकू," त्या फोनवर म्हणाल्या. "तुम्ही या आणि कोण ते शोधून द्या."

वायरकाकूंनी फोन कानापासून हातभर लांब धरला. अख्ख्या रस्त्यावर त्यांना याच नावाने ओळखत, आणि खरं नाव विचारायची गरज इतक्या वर्षांत कुणाला पडली नव्हती. बिघडलेली यंत्रं उघडण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्या कामाचा त्यांना कंटाळा नव्हता. कंटाळा होता तो यंत्राभोवती उभं राहून एकमेकांकडे बोटं दाखवणाऱ्या माणसांचा. यंत्र बिघडलं की निदान गप्प तरी बसतं. शिवाय आज गुडघे ठणकत होते, झोप धड झाली नव्हती, आणि बाकावर कुणाचा तरी प्रिंटर पोट उघडा टाकून पडला होता. तरीही त्या "आलेच" म्हणाल्या, कारण या एका कॉम्प्युटरने त्यांना दोनदा तोंडघशी पाडलं होतं.

दोन्ही वेळा प्रकार तोच. तिथे बटण दाबावं तर ढिम्म. दुकानात आणून वायर जोडून ठेवला, हातातली बाकीची कामं उरकली आणि दुपारी बटण दाबलं, की सुरू, जसं काही झालंच नव्हतं. पहिल्या वेळी त्यांनी मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने पुसल्या आणि परत बसवल्या. दुसऱ्या वेळी आतली बटणाएवढी बॅटरी बदलली. दोन्ही वेळा छातीठोकपणे सांगितलं की आता काळजी नको. आणि दोन्ही वेळा बाईंचा फोन पुन्हा आलाच.

रस्ता ओलांडून त्या समोरच्या इमारतीचा जिना चढल्या. खाली चपलांचं दुकान आणि वर बोलकं ग्रंथालय. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी इथे पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करत. ग्रंथालय बाई चालवायच्या. कडक आवाज, नीटनेटकं टेबल, आणि चूक कुणाची हे चूक घडण्याआधीच ठरवायची सवय.

"दादाचं शेवटचं एकच प्रकरण राहिलंय," दारातच बाई सुरू झाल्या.

दादा म्हणजे बाईंचे थोरले भाऊ. बाकीचे सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते इथे वाचत होते, आणि ऐकणाऱ्यांची पत्रं यायची ती त्यांच्याच आवाजासाठी. आता त्यांच्या घशात गाठ होती. हे काकूंना ऐकून माहीत होतं, पण बाईंनी आज ते पहिल्यांदाच सरळ सांगितलं.

"स्वरयंत्र काढावं लागणार. डॉक्टर म्हणाले, लगेच करू. दादा म्हणाला, हातातलं पुस्तक संपवतो, मग काय ते कापा. डॉक्टरांनी नाखुशीनेच मान्य केलं, तेही फक्त सकाळी थोडा वेळ वाचायच्या अटीवर. दुपारपर्यंत त्याचा घसा बसतो. आणि हा कॉम्प्युटर दुपारपर्यंत चालू होत नाही! गाठ काही आपली वाट बघत थांबत नाही, काकू. काल डॉक्टर मलाच ओरडले. आणखी उशीर केलात तर कापूनही उपयोग नाही, म्हणाले."

बाईंचा आवाज कडकच होता, पण साडीच्या पदराला त्यांनी इतके पीळ दिले होते की काकूंनी नजर दुसरीकडे वळवली.

"आणि करतंय कोण तेही मला माहीत आहे," बाईंनी काचेपलीकडे मान वळवली. तिथे गळ्यात हेडफोन अडकवलेला एक तिशीचा माणूस टेबलावर डोकं धरून बसला होता. "त्याने नवीन कॉम्प्युटर मागितला होता. मी नाही म्हटलं. तेव्हापासून हे चालू झालं. तुम्ही पुरावा द्या. आज संध्याकाळी मी त्याला घरी पाठवते, ते कायमचंच."

२

गळ्यातल्या त्या वस्तूमुळे त्याला सगळे हेडफोन म्हणत. वाचणाऱ्याचा आवाज टिपायचा आणि नंतर साफ करायचा, हे त्याचं काम. काकू आत आल्या तसा तो उठून उभा राहिला.

"मी काही केलेलं नाही, काकू."

"मी अजून काही विचारलं तरी का?"

"बाईंच्या डोळ्यांत रोज विचारलेलं दिसतं."

तो त्यांना बोळात घेऊन गेला. बोळाच्या टोकाला दरवाजे नसलेलं एक खोल कपाट होतं आणि त्यात खुंट्यांवर सगळ्यांचे कोट, स्वेटर, रेनकोट. कोट बाजूला सारले की खाली जमिनीवर कॉम्प्युटरचा डबा. मागच्या भिंतीवर विजेचा बोर्ड, तोही कोटांआड.

"पंख्याची घरघर माइकमध्ये येते ना, म्हणून इथे ठेवला," हेडफोन म्हणाला. "तरी थोडी यायची. मग वर कोट टांगले. जाड असले की आवाज मरतो."

"आणि कॉम्प्युटरला श्वास कुठून घ्यायचा?"

काकू कण्हत गुडघ्यावर बसल्या. बटण दाबलं. आतला पंखा जेमतेम हलला आणि थांबला. पुन्हा दाबलं तर तेवढंही नाही. बोर्डाचं बटण चालू होतं, वायर घट्ट होती. तारा हलवून पाहिल्या, झाकण काढून आत टॉर्च मारला. जळल्याचा वास नाही, सैल काही नाही.

"सकाळी आलास तेव्हा बोर्ड चालूच होता?"

"रोज चालूच असतो. तेच तर पहिलं बघतो मी. एवढा काही मी बावळट नाही."

"सगळ्यांत आधी कोण येतं?"

"बाई आणि मास्तर. दोघं एकाच घरात राहतात, बरोबरच येतात. किल्ली बाईंकडे. मी मुलीला शाळेत सोडून येतो, त्यामुळे मागून. चुका काढणारे आमचे तपासनीस माझ्याबरोबरच जिना चढतात."

"आणि संध्याकाळी शेवटी कोण जातं?"

"तेच दोघं. मास्तर उद्याच्या पानांवर खुणा करत बसतात, बाईंचं काम उरकेपर्यंत. मी लवकर निघतो, शाळा सुटायच्या वेळेला."

बोलत बोलत ते परत त्याच्या टेबलाशी आले होते. टेबलावर एक छोटं विजेवरचं घड्याळ होतं, आकडे लुकलुकणारं. बारा वाजून वर थोडी मिनिटं दाखवत होतं. बाहेर तर सकाळ होती. हेडफोनने त्याच्याकडे न बघताच अंगठ्याने वेळ लावायला सुरुवात केली.

"हे रोज करतोस?"

"हल्ली जवळजवळ रोजच. रात्री लाईट जात असावी. गेली की हे बिचारं पहिल्यापासून मोजायला लागतं." मग तो एकदम थांबला आणि हळूच म्हणाला, "काकू, खरं सांगा. नोकरी गेली माझी?"

काकूंना त्याला खोटं सांगवेना आणि खरं अजून ठाऊक नव्हतं. त्या नुसत्याच म्हणाल्या, "त्या घड्याळाला वीज कुठून येते?"

"कपाटातल्याच बोर्डावरून. भिंतीतून वायर आणलीय. का?"

३

तपासनीस खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. वय साठीच्या पुढचं, जन्मापासून डोळ्यांपुढे अंधार. ध्वनिमुद्रित झालेलं प्रत्येक पान ऐकून चुका काढायचं काम त्यांचं, आणि ते काम ते फार चवीने करत.

"या, वायरकाकू. तुमच्या गुडघ्यांचा आवाज जिन्यापासून येतोय."

"आंधळ्यांना जास्त ऐकू येतं म्हणतात."

"काही येत नाही. मी लक्ष देतो इतकंच. तुम्ही डोळसांना सवय नाही." ते स्वतःवरच खूश होऊन हसले. "विचारा. मी संशयित आहे का?"

"सगळेच आहेत. पंख्याची तक्रार कुणी केली होती?"

"मी. घरघर मलाच ऐकू येते. कोट टांगा, ही शक्कलही माझीच. फासावर चढवा आता."

काकूंनी कपाळावरचा घाम पुसला. हे असंच होतं. कुणाशीही दोन वाक्यं बोललं की तिसरं विनोदी निघायचं, आणि दिवस तसाच निघून जायचा. तरी खुर्ची ओढून त्या बसल्या. पाय तेवढेच मोकळे.

"कॉम्प्युटर बंद पडला की कुणाचं नुकसान होतं? नीट आठवून सांगा."

तपासनीसांनी मान तिरकी केली. "गंमत आहे बघा. कुणाचंच नाही. दुपारी तो आपोआप चालू होतो. बाकीचे वाचक दुपारी येतात, त्यांचं सगळं व्यवस्थित. सकाळ एकट्या मास्तरांची. जाते ती त्यांचीच."

"रोज जाते?"

"रोज नाही. मध्ये एकदा मास्तर तपासणीला म्हणून दिवसभर दवाखान्यात होते, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्याच फटक्यात सुरू झाला. आणखी एकदा बाईंनी त्यांना दुपारीच घरी नेलं, ताप होता म्हणून. त्याच्याही दुसऱ्या दिवशी चालला." त्यांनी आवाज उगाच खाली आणला. "मी तर जिन्यातच ओळखतो आज चालणार की नाही ते."

"ते कसं?"

"मास्तर वाचायच्या आधी गुणगुणतात. आवाज मोकळा करायला. बोळातून येरझारा घालत, हुंऽ हुंऽ असं. ज्या सकाळी ते गुणगुणतात त्या सकाळी कॉम्प्युटर चालतो. ज्या सकाळी गप्प पेपर वाचत बसतात त्या सकाळी मेलेला. एकदाही चुकलेलं नाही. मी हेडफोनला म्हणतो, मास्तरांचं गुणगुणणं म्हणजे शुभशकुन."

"आज गुणगुणले?"

"नाही. म्हणून तर तुम्ही आलात."

काकू भिंतीला हात टेकत उठल्या आणि बोळात गेल्या. कपाटाशी वाकून त्यांनी, फारसा विचार न करता, कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

पंखा फिरला. दिवा लागला. कॉम्प्युटर चालू झाला.

४

हेडफोन धावत आला. "काय केलंत?"

"गप्पा मारल्या," काकू म्हणाल्या.

त्यांना त्या क्षणी स्वतःचाच राग आला होता. दोनदा डबा दुकानात नेला, दोनदा वायर जोडून बाकावर ठेवला आणि दुसऱ्या कामांना लागल्या. दुपारी बटण दाबलं की चालला. आजही वायर जोडलेलीच होती आणि बोलण्यात चांगला तासभर गेला होता. मेमरी नाही, बॅटरी नाही. मध्ये गेलेला वेळ एवढंच काय ते औषध होतं.

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, वायर काढली, पॉवर सप्लायचा धातूचा डबा सोडवला आणि आत साठलेली वीज उतरावी म्हणून बराच वेळ तसाच ठेवून दिला. मग झाकण उघडून टॉर्च धरला. वीज साठवणारी छोटी नळकांडी ओळीने उभी होती. त्यांची डोकी सपाट असायला हवीत. यातल्या काहींची फुगून वर आली होती, आणि एकाच्या डोक्यातून तपकिरी चिकट काहीतरी बाहेर आलं होतं.

बाई, तपासनीस आणि हेडफोन, तिघं बोळात जमले होते. मास्तर मात्र आतल्या खोलीत पेपर वाचत होते.

"हा तुमचा आजारी," काकू म्हणाल्या. "वर्षानुवर्षं कोटांखाली गुदमरला, उष्णतेने आतून फुगला. आता याला थंडी सोसत नाही. वीज तोडून रात्रभर ठेवला की सकाळी उठत नाही. वीज जोडून ठेवली की हळूहळू ऊब धरतो, आणि मग चालतो. रात्रभर जोडलेलाच राहिला तर सकाळी लगेच उठेल."

"म्हणजे कुणीच काही केलं नाही?" हेडफोनचा चेहरा उजळला.

"तो रात्रभर जोडलेलाच असतो ना?" बाई म्हणाल्या. "बोर्ड आम्ही कधी बंद करत नाही."

"तुमच्या खोलीतलं विजेचं घड्याळ सकाळी लुकलुकतं का?"

"नाही. का?"

"मग रात्री लाईट जात नाही. वीज जाते ती या एकाच बोर्डाची." काकूंनी हेडफोनच्या टेबलाकडे बोट केलं. "ते घड्याळ वीज आली की पहिल्यापासून मोजतं. रात्री मधेच वीज जाऊन परत आली असती तर सकाळपर्यंत ते कितीतरी तास पुढे गेलं असतं. मी पाहिलं तेव्हा तासभरही झाला नव्हता. म्हणजे बोर्ड चालू केला तो आज सकाळी, दार उघडल्यानंतर."

बाईंनी लगेच हेडफोनकडे पाहिलं.

"हा येईपर्यंत बोर्ड चालू झालेला असतो," काकू म्हणाल्या. "आणि संध्याकाळी तो तुमच्या आधी जातो. संध्याकाळी सगळ्यांच्या शेवटी बंद करायचा आणि सकाळी सगळ्यांच्या आधी चालू करायचा. तपासनीसही त्याच्याबरोबरच येतात. मग उरतं कोण?"

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"माझ्यावर संशय घेताय तुम्ही?" त्या म्हणाल्या. "मी? दादाच्या जिवावर उठेन मी?"

"मी अजून कुणाचंही नाव घेतलेलं नाही," काकू थकून म्हणाल्या. "दुकानातून नवा पॉवर सप्लाय आणते. तोवर कुणी कुणाला घरी पाठवू नका."

५

रस्ता ओलांडून जाताना आणि परत येताना काकूंच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. सकाळी बटण दाबायच्या आधी, यंत्र आज चालणार की नाही हे कुणालाच माहीत नसायला हवं. माणूस आवाज मोकळा करतो तो वाचायचं आहे म्हणून. मग वाचायला मिळणार नाही हे एखाद्याला आधीच कसं कळतं? तपासनीस बिचारे शकुन समजून हसत होते. शकुन कसला, ती कबुलीच होती.

त्यांना वाटलं, नवा डबा बसवावा आणि चालू लागावं. यंत्र नीट झालं, आपलं काम संपलं. पण मग हेडफोनवरचा डाग तसाच राहणार. आणि ज्याला वाचायचंच नाही तो उद्या दुसरी काही युक्ती काढणार. गाठीला तेवढंच हवं होतं.

त्या कपाटात शिरल्या आणि हाक मारली, "मास्तर, जरा टॉर्च धरायला येता का? दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."

मास्तर आले. उंच, किंचित वाकलेले, गळ्याला मफलर. आवाज खरखरीत झाला होता, पण तळाशी अजून गोड होता. त्यांनी टॉर्च अगदी नीट धरला. काकू स्क्रू फिरवत राहिल्या.

"हा बसला की उद्या सकाळी बोर्ड बंद असला, चालू असला, काही फरक पडणार नाही. बटण दाबलं की सुरू."

"छान," मास्तर म्हणाले.

"आज गुणगुणला नाहीत."

टॉर्चचा उजेड हलला आणि कोटांवर गेला. मास्तरांनी तो परत जागेवर आणला.

"एकदा कोट काढताना चुकून कोपर लागलं," ते अखेर म्हणाले. "बोर्डाचं बटण बंद झालं. माझ्या लक्षातही आलं नाही. सकाळी कोट टांगताना दिसलं, चालू केलं. कॉम्प्युटर चालला नाही. आणि काकू, खरं सांगू? त्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं. म्हटलं, एक दिवस मिळाला."

"आणि मग रोज एक."

"मग रोज एक." ते खाली बसले, कोटांच्या खाली, शाळेतल्या शिक्षा झालेल्या मुलासारखे. "कोपर कशामुळे बाधलं ते मला समजत नव्हतं. पण बाधतं एवढं कळलं होतं. मी चोर नाही हो."

"चोराला निदान काही मिळतं तरी. तुम्ही स्वतःचाच जीव उधळताय." काकूंचा आवाज त्यांना वाटलं होतं त्याहून चढला. "डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंय ना? मरायचंय का?"

"मरायची भीती नाही. म्हणजे आहे, पण ती सगळ्यांनाच असते." मास्तर मफलरशी चाळा करत राहिले. "घरात आम्ही दोघंच. तिचे यजमान गेले, माझं लग्न झालंच नाही. ती दिवसभर मला रागावते आणि मी उलट उत्तरं देतो. पंखा का चालू ठेवलास, तुला काय करायचंय. जेवलास का, तू जेवलीस का. एवढाच आमचा संसार. आता ती रागावेल आणि मी नुसता बघत बसेन. तिला वाटेल भिंतीशी बोलतेय. ते मला सहन होत नाही, काकू. तिच्याकडे बघवणार नाही मला."

यंत्रातला बिघाड दाखवला की लोक तो दूर करा म्हणतात. हा बिघाड काकूंच्या हातातला नव्हता.

"त्या हेडफोनला संध्याकाळी काढून टाकणार आहेत," त्या एवढंच म्हणाल्या.

मास्तरांनी झटकन वर पाहिलं. त्यांना हे माहीत नव्हतं, हे चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. टॉर्च जमिनीवर ठेवून, एका खुंटीला धरून ते उठले.

"मीच सांगतो," ते म्हणाले आणि बाईंच्या खोलीकडे निघाले.

६

बंद दाराआडून बाईंचा आवाज पुष्कळ वेळ येत राहिला. शब्द कळत नव्हते. मग तो एकदम थांबला, आणि त्यानंतर जे ऐकू आलं ते बाई कधी करतील असं तिथे कुणालाच वाटलं नव्हतं. तपासनीसांनी खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली. हेडफोनने गळ्यातला हेडफोन कानांवर चढवला, काहीच वाजत नसताना.

बाई बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते आणि पदर नीट केलेला होता. त्या सरळ हेडफोनसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याने घाईने कान मोकळे केले.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघायला किती जड गेले ते सगळ्यांनी पाहिलं. "आणि पुस्तक गेलं खड्ड्यात. मी दवाखान्यात फोन करते, दादा आत्ताच भरती होईल. ते प्रकरण दुसरं कुणीतरी वाचेल."

"कुणी वाचायचं नाही," मागून मास्तर म्हणाले. "उद्या सकाळी मी वाचतो. उद्या दुपारी दवाखाना. तुझ्यासमोर फोन करतो."

आणि त्यांनी केलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू बोलावणं नसताना आल्या. तिसऱ्यांदा तोंडघशी पडायचंच असेल तर समोर उभं राहून पडावं, असा त्यांचा हिशेब होता. कपाटातले कोट आता बोळातल्या खिळ्यांवर टांगलेले होते. हेडफोनने बटण दाबलं आणि कॉम्प्युटर पहिल्या फटक्यात उठला. पंख्याची घरघर थोडी ऐकू येत होती. तपासनीसांनी तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.

बोळातून मास्तर येरझारा घालत गुणगुणत होते. मग ते हेडफोनच्या टेबलासमोरच्या काचेपलीकडे, माइकपुढे जाऊन बसले आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. कादंबरीतला म्हातारा बोटीवरून उतरून आपल्या गावच्या बंदरात परत येतो आणि त्याला कुणी ओळखत नाही, असं काहीसं होतं. काकूंना पुस्तकांचं फारसं कळत नव्हतं. पण आवाज खरखरत, मध्येच तुटत, पुन्हा सावरत शेवटाकडे जात होता, आणि त्यांचे गुडघे दुखायचे थांबल्यासारखे झाले होते. बाई हेडफोनच्या शेजारी उभ्या होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

शेवटचं वाक्य झालं. मास्तरांनी पुस्तक मिटलं. हेडफोनचा हात बटणाकडे गेला.

"थांबवू नकोस," काचेपलीकडून मास्तर म्हणाले. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि माइकजवळ सरकले.

"हो," ते म्हणाले. मग जरा थांबून, "नको." मग, "बरं." "येतो गं." "पंखा असू दे, उकडतंय." "तुला काय करायचंय."

खोलीत कुणाला काही कळेना. काकूंना मात्र कळलं, आणि त्यांनी भिंतीला पाठ टेकली.

"जेवलीस का?" मास्तर म्हणाले.

बाईंनी टेबलावरचं बोलायचं बटण दाबलं, जे त्या फक्त चुका सांगायला दाबायच्या. "नाही रे दादा," त्या म्हणाल्या. "अजून नाही."

मास्तरांनी मान हलवली. मग तेच त्यांनी रागावून विचारलं. मग हसत. मग अर्धवट झोपेत असल्यासारखं, मग दुसऱ्या खोलीतून हाक मारावी तसं मोठ्याने, घसा ताणून. हेडफोनने काचेतून खुणेने विचारलं, अजून किती?

"वेगवेगळे घेऊन ठेव," मास्तर त्याला म्हणाले. "रोज एकाच सुरात विचारलं तर ती उत्तर द्यायची बंद होईल."